रविवारी दुपारी दोनची हवा

माझी मोठी आत्या एसटीतून उतरली की आधी माणसांकडे बघत नसे. किन्हीराजाच्या स्टँडवर मी मोटारसायकल घेऊन उभा, पाया पडायला अर्धा वाकलेला; आणि ती पिशवी खाली ठेवून, डोळे मिटून, नाक वर करून उभी. दहा-पंधरा सेकंद तरी. मग म्हणायची, "डिझेल. भजे. उगवतीकडं कोणाच्या तरी वावरात कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या. अन् तुनं साबण बदलला." एवढं झालं की पाया पडू द्यायची. अर्धं वाकून थांबण्याचा मला पुढे इतका सराव झाला, की शाळेत साहेब तपासणीला आले तरी मी त्याच कोनात उभा राहू लागलो.

आत्या वातावरणाच्या रसायनशास्त्रातली शास्त्रज्ञ. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत तिची सगळी नोकरी झाली. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ जणांना सांगितलं आणि जवळजवळ सगळ्यांनी विचारलं, "म्हणजे पाऊस कधी येणार ते सांगतात का?" गावात तर तिची सुटकाच नव्हती. ती आली की शेजारचे शेनफडकाका ओसरीवर येऊन बसायचे.

"मंग बाई, यंदा कसं काय पावसाचं?"

"मले नाही माहीत, शेनफडभाऊ."

"इतकं शिकून?"

"इतकी शिकली म्हणून तं सांगून राह्यली का मले नाही माहीत. कमी शिकली असती तं तारीख सांगतली असती. अहो, हवा काय करणार ते मले इचारू नोका. हवेत काय हाय, ते इचारा."

ते मात्र कोणी विचारत नसे. विचारायचो तो मी, कारण मी आमच्या इकडच्या मालेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. शिकवतो म्हणजे पुस्तकातलं फळ्यावर आणि फळ्यावरचं वहीत सुखरूप पोचतंय ना, एवढं बघतो. आत्या मला 'गुरुजी' म्हणायची. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला कधी काढता आलं नाही.

तिच्या लेखी हवेतले वायू म्हणजे पाव्हणेरावळे. कार्बन मोनोक्साइड दोनेक महिने राहून जाणारा पाव्हणा. मिथेन दहा वर्षं हलत नाही, तो घरजावई. "अन् कार्बन डायऑक्साइडचं तं सातबाऱ्यावरच नाव चढलं बाप्पा." ओझोनची दोन घरं, वरच्या मजल्यावर असला की सगळ्यांना सांभाळतो, खाली उतरला की पिकाची पानं जाळतो. "आपल्या गावात बी हायेत असे," म्हणायची, पण कोण ते सांगायची नाही. तिचा खरा जीव मात्र एका रेणूवर होता. तो सेकंदभरसुद्धा जगत नाही, पण धुरातली, वाफेतली बरीचशी घाण तोच मोडून काढतो. आत्या त्याला बाई समजायची आणि 'झाडणारी' म्हणायची. "तिच्या जिवावर जग साफ हाय, अन् तिले कोणी नीट पाह्यलं बी नाही." आमच्या आजीनं उमेदीची वर्षं लोकांची अंगणं झाडण्यात घालवली होती. पण हे दोन धागे आत्यानं कधी जोडून दाखवले नाहीत, मीच जोडतोय. आता ती नाही म्हणून जोडू शकतो. असती तर म्हणाली असती, "मोजलं का?"

हे तिचं पालुपद. आई म्हणाली, "आज लयच उकडून राह्यलं," की आत्या, "मोजलं का?" माझ्या बायकोनं मोठ्या आशेनं विचारलं, "आत्या, मी जराशी बारीक झाली ना?" तरी तेच. तरुणपणी एक स्थळ तिला बघायला आलं होतं, अकोल्याकडचे इंजिनिअर. पोहे खाऊन म्हणाले, "मला तुमचा स्वभाव फार आवडला." आत्यानं शांतपणे विचारलं, "दहा मिनिटांत? किती नमुन्यांवरून?" ते लग्न तिथंच राहिलं, आणि पुढचीही. दादा, म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. ही गोष्ट ते आयुष्यभर पाव्हण्यांना सांगत राहिले, आणि दर वेळी आत्या त्यांना दुरुस्त करायची की दहा नाही, बारा मिनिटं झाली होती.

एकदा मी तिला आमच्या शाळेत भाषणाला बोलावलं. मुख्याध्यापकांनी प्रास्ताविकात आपल्या ग्रामीण भागाची शुद्ध हवा, निर्मळ हवा असं बरंच काही सुरू केलं. तिसऱ्या 'शुद्ध'ला आत्या खुर्चीतूनच म्हणाली, "मोजली का सर?" मुलं खदखदली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिला शिकवून आणलं होतं. नंतर तिनं पोरांना तासभर अशी गुंगवली, की पुढचे आठ दिवस माझ्या तासाला कोणी लक्ष दिलं नाही. तसं एरवीही देत होते अशातला भाग नाही.

आमचे आजोबा दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायचे. त्यांनी थोरल्या लेकीला वसतिगृहात ठेवलं. ती शिष्यवृत्त्यांच्या पायऱ्या चढत पुण्यापर्यंत गेली आणि तिथून एकदा थेट समुद्रात. संशोधनाच्या जहाजावर दोन महिने राहून ती हवेच्या बाटल्या भरत होती. येताना लोक शंख-शिंपले आणतात. आत्यानं दादांसाठी एक हातभर लांबीची, तोटी लावलेली काचेची बाटली आणली.

"यात काय हाय?" दादांनी विचारलं.

"समुद्राच्या मधातली हवा. तठी हजार कोस माणूस नाही."

दादांनी बाटली उन्हात धरून कौतुकानं फिरवली. मग तोटी उघडली आणि नाक लावलं. "कायचाच वास नाही ताई याले."

आत्यानं बाटली त्यांच्या हातातून घेऊन तोटी बंद केली. मग म्हणाली, "आता येईन. आपल्या गोठ्याचा."

पुण्याला तिच्या खोलीत भिंतीवर देशाचा नकाशा होता. जिथं जिथं असे हवेचे नमुने घेतले जातात तिथं ठिपके. डोंगरमाथ्यावर ठिपके, समुद्राकाठी ठिपके, मोठ्या शहरांत तर ठिपक्यांची दाटी. आमच्या बाजूला काही नाही. "लोकायले वाटते कोरं हाय म्हणजे साफ हाय," ती म्हणायची. "कोरं म्हणजे कोणी गेलंच नाही." निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा तिनं हे एकच लावून धरलं, की आमच्या गावी एक ठिपका हवा. सोयाबीन-तुरीच्या मुलखातली हवा कशी असते हे कोणाला तरी माहीत असायला हवं. संस्थेनं बऱ्याच टाळाटाळीनंतर दोन वर्षं दिली. त्या दोन वर्षांत काही सांगण्यासारखं निघालं तर ठिपका कायम, नाहीतर बंद.

नमुने कोण घेणार, असा प्रश्न आला. बैठकीत एक साहेब म्हणाले, गावातल्या माणसांच्या भरवशावर असलं काम होत नसतं. आत्या म्हणाली, "माझा भाचा विज्ञानाचा शिक्षक आहे. तो करील." भर बैठकीत म्हणाली. तो भाचा मी.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. दर रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या वावराच्या मधोमध जायचं. दोनच का, तर दुपारी ऊन तापून खालची-वरची हवा चांगली घुसळून निघते, तेव्हाची हवा एकट्या घराची नसते, सगळ्या मुलखाची असते. सकाळपासून तेल, पावडर, अत्तर काही लावायचं नाही. बाटली आतून निर्वात केलेली. वाऱ्याची दिशा बघायची, खोल श्वास घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा आणि रोखायचा. मग वाऱ्याकडे तोंड करून दहा पावलं चालायचं, बाटली डोक्याच्या वर धरायची, तोटी फिरवायची. फुस्स होतं. तोटी बंद करायची. मग जगायचं. कारण माझा श्वास आत गेला तर बाटलीत हवा नाही, मी भरला गेलो. शेवटी नोंदवहीत तारीख, वेळ, वारा, आभाळ.

पहिले काही रविवार वावराच्या धुऱ्यावर बघे जमले. विज्ञानाचा शिक्षक गाल फुगवून, बाटली उंचावून, लाल तोंडानं सोयाबीनमधून चालत निघालाय, हे दृश्य आमच्या गावाला बरेच दिवस पुरलं. शेनफडकाका तर ओरडायचे, "गुरुजी, एक बाटली मले बी भरून द्या! आमच्या घरची हवा संपली!" मी उत्तर द्यायचो नाही. श्वास रोखलेला माणूस काय उत्तर देणार? त्यामुळे माझा स्वभाव फार शांत आहे असा गावात गैरसमज पसरला.

आणि सांगायला हरकत नाही, मला ते आवडू लागलं होतं. तापात गेलो, चाळीसच्या वर पारा असताना गेलो, आसेगावच्या साळ्याच्या घरभरणीतून जेवणाआधी उठून आलो आणि वर्षभर बायकोची बोलणी खाल्ली. महिन्याच्या महिन्याला भरलेल्या बाटल्या भुसा भरलेल्या खोक्यात बसवून पुण्याला पाठवायचो. सव्वा वर्ष माझ्या हातून एकही रविवार चुकला नाही. हे मी इथं मुद्दाम लिहितोय, कारण पुढे हे म्हणायला मला तोंड राहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी भादव्यात माझा पाय मुरगळला. वावराच्या रस्त्यात घोट्यापर्यंत चिखल. रविवारी दुपारी मी परसात खाटेवर पाय पसरून बसलेलो. आई समोर चुलीवर भुट्टे भाजत होती, बायको मीठ-तिखट-लिंबू लावून देत होती. पावणेदोनला मी घड्याळ बघितलं, पायाकडे बघितलं, हातातल्या भुट्ट्याकडे बघितलं. आणि मनात म्हटलं, हवा ती हवाच. वावरापासून आपलं परस किती लांब? उठलो, लंगडत चार पावलं बाजूला गेलो, नियमाप्रमाणे श्वास रोखला आणि बाटली भरली. श्वास मात्र मी प्रामाणिकपणे रोखला होता, हे विशेष. नोंदवहीत लिहिलं, वावर, दोन वाजता, वारा मावळतीकडून.

पुढच्या रविवारी पाय बरा होता. चिखल तेवढाच होता आणि भुट्टेही. त्याच्या पुढच्याही रविवारी.

दिवाळीच्या सुमाराला आत्याचा फोन आला. आवाज असा, की जणू तिला बारावीत पहिली आल्याची बातमी आत्ताच कळली. "गुरुजी, भादव्यातल्या तीन बाटल्यांत कार्बन मोनोक्साइड लय चढेल आला! अन् तिन्ही लागोपाठच्या! भादव्यात कोण काय जाळते? सगळं तं ओलं. ऐक, बाटल्या वावरातच भरल्या होत्या ना?"

"हो तं, आत्या."

वर्गात गृहपाठ केला का विचारलं की पोरं ज्या चपळाईनं 'हो सर' म्हणतात, ती चपळाई मी इतकी वर्षं रोज ऐकतो. माझ्या तोंडून ती इतक्या सहज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

आत्यानं विश्वास ठेवला. आयुष्यभर सगळ्यांना 'मोजलं का' विचारणाऱ्या बाईनं मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या तीन बाटल्यांवर तिनं निबंध लिहिला. पावसाळ्यात, जेव्हा हवा निवळ असायला हवी, तेव्हा आमच्याकडे काहीतरी वेगळंच घडतंय, असा. एका परदेशी मासिकानं तो छापायला घेतला. ते बैठकीतले साहेबसुद्धा म्हणाले, आता ठिपका कायम करायला हरकत नाही. फक्त छापून येण्याआधी त्या वायूचं मूळ सापडावं, असं आत्याला वाटत होतं. म्हणून तुरीला शेंगा भरल्या होत्या त्या दिवसांत ती गावी आली.

तीन दिवस ती घरोघर फिरली. छत्रीच्या टोकाला वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांधलेली चिंधी, अंगात साडीवर पुरुषी सदरा, हातात कागद. "भादव्यात तुमी काय जाळलं होतं?" एवढाच प्रश्न. गावात बातमी झाली की गुरुजीची आत्या सरकारकडून चौकशीला आली, धूर करणाऱ्याचं नाव लिहून नेते. मग काय. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटते त्यांनी शपथेवर सांगितलं की आमच्याकडे स्वयंपाकाला काडीसुद्धा लागत नाही. शेनफडकाका आमच्याच कुडाला टेकून बिडी ओढत होते. आत्याला बघून त्यांनी ती पायाखाली घातली. "मी तं बाई, बिडी बी सोडली भादव्यात."

"आता काय ओढून राह्यले होते मंग?"

"ही? ही मार्गशीर्षातली."

आत्या पोट धरून हसली. मी पण हसलो. तिच्या मागे मागे कागद धरून मीच हिंडत होतो, आणि प्रत्येक 'नाही'पुढे मीच फुली मारत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर बसली. सगळ्या घरांपुढे फुल्या. ती बराच वेळ वावराच्या दिशेनं बघत राहिली आणि मग हळूच, जशी एखादी चांगली बातमी उघडावी तशी, म्हणाली, "गुरुजी, सोयाबीनच तं नसंल? खाली पडलेलं पान ओलं होते, वरून ऊन लागते. पानातून जरासा निंघते हा वायू, हे माहीत हाय. पण आपल्या अठी एवढं सोयाबीन, एवढा पाला... कोणी मोजलंच नाही आजपर्यंत." तिनं पेनाचं टोपण काढलं. "निबंधात एक परिच्छेद घालतो. शक्यता म्हणून."

तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. मी खरं सांगतो, निबंध तसाच छापून गेला असता तर मी गप्प बसलो असतो. माझी मजल तेवढीच. पण आता ती माझ्यासमोर, माझ्या ओसरीवर, माझ्याच पेनानं सोयाबीनवर आळ घेत होती.

"आत्या," मी म्हणालो, "सोयाबीन नाही."

"मंग?"

"भुट्टे."

"काय?"

मी सांगितलं. मुरगळलेला पाय, चिखल, चूल. सांगताना पाय जरा जास्तच दुखवला. आत्यानं ऐकून घेतलं. "एकच बाटली?"

"एकच."

तिनं डोळे मिटून काहीतरी आकडेमोड केली. मग श्वास सोडला. "ठीक हाय. दोन तं उरल्या. दोनांवर बी निबंध उभा राह्यते. पाय दुखत होता तं सांगाचं होतं ना बाप्पा, मी काय खाल्लं असतं तुले?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तो हात नसता ठेवला तर बरं झालं असतं. मी आत गेलो, माठातलं पाणी प्यालो, उगाच परसात गेलो, पुन्हा पाणी प्यालो. आईनं विचारलं, "काहून येरझारा घालून राह्यला?" मी बाहेर आलो.

"आत्या. तीन."

तिनं नोंदवही पुढ्यात ओढली. मग विचारलं, "पाय किती दिवस दुखला?"

"चार दिवस."

"मंग बाकीच्या दोन?"

मला कारण सापडेना. "कंटाळा," मी म्हणालो.

"हं," आत्या म्हणाली, आणि नोंदवही उघडून त्या दोन तारखांसमोर, जिथं वारा आणि आभाळ लिहायची जागा असते, तिथं तिनं तिच्या बारीक सुबक अक्षरात लिहिलं, कंटाळा. पहिल्या तारखेसमोर लिहिलं, पाय. रागानं नाही. जसं ढगाळ लिहावं तसं.

मग ती वहीच्या शेवटच्या पानावर गेली आणि तिथून एकेका नोंदीवर रेघ मारत मागे मागे येऊ लागली.

"आत्या, हे काय करून राह्यली? बाकीच्या खऱ्या हायेत!"

"मले माहीत हाय."

"मंग?"

"मले माहीत असून काय होते? मले तं त्या तीन बी खऱ्याच माहीत होत्या."

निबंध तिनं मागे घेतला. मासिकाला लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला मराठीतून वाचून दाखवलं, आणि काही चुकलं असलं तर सांग म्हणाली. त्यात माझं नाव नव्हतं. नमुने घेणारा माझ्या नात्यातला होता, म्हणून जी तपासणी मी परक्या माणसाची केली असती ती त्याची केली नाही, असं होतं. मी म्हणालो, माझं नाव टाक. ती म्हणाली, "तुह्या नावानं काय समजते त्यायले? माह्यी चूक समजली पाह्यजे." ठिपका बंद झाला. ती निवृत्त झाली त्या दिवशी भिंतीवरच्या नकाशात आमची बाजू पुन्हा कोरी होती. ते साहेब तिला म्हणाले होते, आम्ही सांगितलं होतं तुम्हाला. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. "बरोबरच सांगतलं होतं त्यायनं," ती म्हणाली. "फक्त कारण चुकीचं होतं." माझ्याशी तिचं बोलणं कधी बंद झालं नाही. पुढे ती असेपर्यंत दर सुट्टीत आली, ओसरीवर बसली, माझ्या पोरीला गणितं घातली. मी समोर आलो की 'गुरुजी' म्हणायची. त्यात टिंगल किती हे मला आता कळायला लागलं होतं; अजिबात नव्हती, आणि तेच सहन होत नसे.

पण मला सांगायची आहे ती त्याच दुपारची गोष्ट. रेघा ओढत ती पहिल्या वर्षाच्या माघापर्यंत आली आणि एका रविवारापाशी पेन थांबला. मी वाकून पाहिलं. पाहायची गरज नव्हती. त्या दिवशी सकाळी आम्ही दादांना पोचवून आलो होतो. घर माणसांनी भरलेलं होतं. पावणेदोन वाजता आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठलो, बाटली घेतली आणि निघालो. मागून कोणीतरी म्हणालं, "बाप जाऊन दिवस नाही झाला, अन् हा हवा भराले चालला." वावरात गेलो. दादांनी आदल्या आठवड्यात सोंगलेल्या तुरीची गंजी तिथं उभी होती. रडताना श्वास रोखता येत नाही, म्हणून आधी रडून घेतलं, मग बाटली भरली. परत आलो तेव्हा आत्या दारात उभी होती.

"ही तरी ठेव," वहीतल्या त्या नोंदीवर बोट ठेवून मी म्हणालो. "ही तं तुनं पाह्यली."

"जाताना पाह्यलं तुले. येताना पाह्यलं," ती म्हणाली. "भरताना कोणं पाह्यलं?"

"म्या."

तिनं पेन ओळीवरून उचलला. मग म्हणाली, "पट्टी हाय का?"

आतापर्यंतच्या सगळ्या रेघा तिनं नुसत्या हातानं ओढल्या होत्या. मी शाळेच्या पिशवीतून पट्टी काढून दिली. तिनं ती घेतली नाही. "तू धर," म्हणाली. मी त्या ओळीवर पट्टी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली, आणि तिनं माझ्या बोटांच्या कडेनं, अगदी सावकाश, रेघ ओढली.